मोरूदादा आत असताना

मोरूदादा गेला हे सांगायला त्याच्या धाकट्या भावाचा फोन सकाळी सातला आला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? "आत होता का?" भाऊ बिचारा गोंधळला. म्हणाला, न्हाय ताई, घरीच होता, झोपेत गेला, सकाळी हाक मारली तर उठला न्हाय. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. माणूस गेल्याची बातमी कानात आणि मी सुस्कारा सोडतेय… माझी मलाच लाज वाटली. पण इतकी वर्षं मला एकच भीती होती, की हा माणूस मिलच्या आत मरणार आणि माझ्यामुळे मरणार. महिना झाला, ती भीती अजून पुरती उतरलेली नाही.

आमची मिल कापडाची नव्हे, दगड दळायची. धामणकर नाक्यावरून रिक्षा केली की दहा मिनिटांत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका गल्लीला पाठ लावून उभी असलेली शेड. आत खोलीएवढं लोखंडी पिंप आडवं बसवलेलं, त्यात पोलादी गोळे आणि बॅराइट नावाचा जड दगड. पिंप फिरलं की गोळे वर चढायचे, खाली कोसळायचे आणि दगडाचं पीठ व्हायचं. ते रंगाच्या कारखान्यांना जायचं. मी एका शाळामास्तरांची मुलगी, नुकती केमिस्ट्री घेऊन पास झालेली, लॅबमध्ये पीठ चाळून बारीक पडलं की जाडं ते सांगायची. मोरूदादा डिप्लोमा झालेला, खारबावचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मिल त्याच्या ताब्यात.

त्याच्याआधी मिल अंदाजपंचे चालायची. पीठ जाडं पडलं? टाका आणखी गोळे. मोरूदादाला ते खपेना. गोळे फार झाले की गोळेच गोळ्यांना कुटत बसतात आणि दगड राहतो बाजूला, असं तो मिलच्या मालकांना, शेठना, सांगायचा, आणि शेठ ऐकल्यासारखं करायचे. शेवटी पठ्ठ्याने स्वतः एक जुना कॉम्प्युटर आणला. गोळे किती, केवढे, पिंपाचा वेग किती, दगड किती, पीठ कसं, सगळं तो त्यात भरत बसायचा आणि एक बदललं तर बाकीच्यांचं काय होईल ते मांडायचा. चाळणीचे आकडे माझे. पण एक आकडा बाहेरून मिळत नव्हता. गोळे झिजतात, तर आज आत त्यांची पातळी कुठवर आहे? त्यासाठी पिंपाचं झाकण उघडून, कंबरेएवढ्या भोकातून माणसाला आत उतरून पट्टीने मोजावं लागे.

हे काम आम्ही लोडशेडिंगमध्ये करायचो. करंट नसताना मिल तशीही बंद, म्हणजे उत्पादन बुडत नाही. आत जायच्या आधी मोरूदादा विजेच्या पॅनलमधले तिन्ही फ्यूज काढून माझ्या हातात द्यायचा आणि मी पॅनलसमोर उभी राहायची. तो बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढीच ड्युटी. मी मुळात भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं आई मला उठता-बसता म्हणायची. तरी ती ड्युटी मला आवडायची, कारण एवढा मोठा माणूस आपला जीव माझ्या मुठीत देऊन जातोय असं वाटायचं.

त्या दिवशी मोरूदादा आत आणि ऑफिसातला फोन वाजायला लागला. ऑफिसात कुणी नव्हतं. कल्याणच्या एका स्थळाकडून त्या दिवशी निरोप यायचा होता. मी विचार केला, फ्यूज तर माझ्या मुठीत आहेत, मग कोण काय करणार? दोन मिनिटांचं काम. गेले. फोन कुणा व्यापाऱ्याचा होता, पावडरचा भाव विचारत होता. तेवढ्यात मागच्या गल्लीतले लूम एकदम खडखडायला लागले. करंट वेळेआधी आला होता. तरी मी निवांतच परत आले, मुठीत फ्यूज होते ना.

आणि पॅनलसमोर अन्सारीचाचा उभे. आमच्या शेडचं आणि गल्लीतल्या लूमचं विजेचं काम तेच बघायचे. करंट यायची वेळ झाली की गल्लीभर फिरून ते फ्यूज तपासायचे, एक मिनिटसुद्धा फुकट जाऊ नये म्हणून, आणि सगळे त्यांना त्यासाठी दुवा द्यायचे. त्यांना तीन जागा रिकाम्या दिसल्या. खिशात नवे फ्यूज होतेच. त्यांनी बसवले. माझ्या मुठीत जुने तीन, पॅनलवर नवे तीन, आणि चाचांचं बोट मिल सुरू करायच्या हिरव्या बटणाकडे निघालेलं…

ओरडावं तर दातखीळ बसलेली. मी कशी धावले आठवत नाही. त्यांच्या हातावर जाऊन पडले, मनगट धरलं आणि सोडलंच नाही. "पगली हो गई क्या, बेटी?" म्हणेपर्यंत त्यांची नजर उघड्या झाकणाकडे गेली, आणि ते मट्कन खाली बसले. तोच भोकातून मोरूदादाचं डोकं वर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, पॅनलवरचे नवे फ्यूज पाहिले. "अडतीस इंच," तो म्हणाला. "लिही." मग नळावर गेला आणि कितीतरी वेळ हातच धूत राहिला.

तो शेठना काही बोलला नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी नाक्यावरून एक कुलूप आणून पॅनलला लावलं. आणि त्याचा हिशेबच बदलला. आतापर्यंत पीठ बारीक कसं पडेल ते तो शोधत होता, आता आत न जाता पातळी कशी कळेल ते शोधायला लागला. मोटर किती अँपिअर ओढते ते मीटरवर दिसतं. गोळे जास्त तर ओढ जास्त. एवढा धागा धरून त्याने नवं गणित मांडलं. पण गणित खरं की खोटं हे कळायला आतला खरा आकडा हवाच. म्हणजे कुणी आत जाऊ नये म्हणून हा पुन्हा पुन्हा आत जाणार! आधी अंदाज कागदावर लिहायचा, मग झाकणाचे नट खोलायचा. त्याआधी पॅनलचं कुलूप दोनदा ओढून बघायचा.

पहिल्याच खेपेला तो मला पॅनलपाशी चल म्हणाला तेव्हा मला रडू फुटलं. म्हटलं, दादा, दुसऱ्या कुणाला उभं कर, मला नको. त्या दिवशी मी…

"मना ठावं हाय," तो म्हणाला. "दुसरा हालंल, बाय. तू आता न्हाय हालणार."

वर्षभरात तो चौदा वेळा आत गेला. चौदाही वेळा मी पॅनलला पाठ लावून उभी, कुलपाची किल्ली घट्ट मुठीत. शेवटी शेवटी त्याचा अंदाज आणि आतली पातळी यांत बोटाचाही फरक उरला नाही. मग त्याने झाकणाचे नट कायमचे आवळले, आणि त्यानंतर मोजायला कुणीही आत गेलं नाही. तरी मिल थांबली की मी आधी पॅनलकडे बघायचीच.

तेराव्यानंतर मी खारबावला गेले. त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला त्याच्या खाटेवरच बसवलं. बायका म्हणत होत्या, देव तारी त्याला कोण मारी, पण आयुष्यच तेवढं. वहिनी मात्र माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, मिल उघडायची असली की ते सकाळी सांगून जायचे, आज ती पोरगी हाय पॅनलला, तू जिवाला घोर नको लावू. मग सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "तुम्ही हलला न्हाय तिथून, म्हनून ते आपल्या खाटेवर गेले, बाय."

म्हणजे त्याने घरीही सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं… आणि चहा घेते म्हणाले. त्या दिवसासारखीच दातखीळ. रिक्षात बसल्यावर घळाघळा रडले.

वहिनी वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी वाचतात. आधी दर रविवारी ते दोघं खाटेवर बसून वाचायचे, आता एकट्या वाचतील. हे छापून येईल त्या दिवशी मला भीती वाटत असेल, पण सांगते. वहिनी, एकदा मी हलले होते. दादाला ठाऊक होतं.