बॉयलरकाकांची उघडी खिडकी

बॉयलरकाका कुणाच्याही घरी आले की बूट काढण्याआधी एक खिडकी उघडायचे. बाहेर गुडघाभर बर्फ असो, घरची बाई गारठून शाल शोधू लागो, त्यांना काही फरक पडत नसे. नव्याने आलेल्यांना हा माणूस विक्षिप्त वाटायचा. अमेरिकेतल्या श्रूजबरीतली आम्ही जुनी मराठी मंडळी मुकाट्याने स्वेटर चढवून बसायचो.

बॉयलरकाका हे नाव मात्र त्यांना खिडकीच्या कितीतरी आधी पडलं होतं. तरुणपणी ते कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर होते. अमेरिकेत येऊन शेजारच्या वूस्टरला नोकरीला लागले, पण जीव भट्टीतच अडकलेला. घरं तापवायचं तेल महागलं तेव्हा लोकांनी थर्मोस्टॅट खाली केले. काकांनी बेसमेंटमध्ये कोळशा-लाकडाचा बॉयलर बसवून घेतला. मी लग्न होऊन तिथे गेले ते ऐन थंडीत. आमच्या अपार्टमेंटमध्ये हुडहुडी भरायची आणि त्यांच्या घरात नुसत्या साडीवर वावरता यायचं. रविवारी आम्ही दोघं गप्पांच्या नावाखाली ऊब खायला जायचो, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. "लाजू नका रे, आमच्याकडे ऊब फुकट असते," त्या म्हणायच्या.

फुकट कसली! पहाटे जाळी हलवून राख पाडायची, कोळसा भरायचा, हवेची झडप बेताने उघडायची, हे काकांचं काम. ती राख बादलीने वर आणून निसरड्या ड्राइव्हवेवर पसरायची, हे काकूंचं. त्यांच्या नखांतली काजळी हळदीकुंकवाच्या दिवशीसुद्धा निघत नसे. आणि विस्तव एकदा पेटला की गुढीपाडव्यापर्यंत विझू द्यायचा नाही, हा काकांचा बाणा. त्यापायी हिवाळ्यात ती दोघं मिळून कधी कुठे गेलीच नाहीत. "सीझन चालू असताना कुणी बॉयलर सोडून जातं का?" काका विचारायचे, आणि काकू कपाळाला हात लावायच्या.

सीझन सुरू व्हायचा दसऱ्याला. कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, अगदी तसंच बेसमेंटमध्ये व्हायचं. लोखंडी दाराला झेंडूचा हार, पुढे नारळ, आपट्याच्या जागी मेपलची पानं, आणि जोडीने पूजा करून पहिली काडी. आम्ही दहा-बारा माणसं कोळशाच्या ढिगाला टेकून टाळ्या वाजवायचो.

त्या वर्षी दसरा लवकर आला आणि हवा नुसती कुंद, घामट. काकू म्हणाल्या, "अहो, घरात फॅन लावलेत नि तुम्ही कोळसा काय पेटवताय? थोडी थंडी पडू दे की!"

"मुहूर्त कुणी पोस्टपोन करतं का?" काका म्हणाले. "हवं तर विस्तव स्लो ठेवतो."

त्यांनी नारळ फोडला. आम्ही श्रीखंड-पुरी खाऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी एकादशी. नवरात्राच्या नऊ दिवसांपाठोपाठ काकूंचा पुन्हा उपवास. सकाळी त्यांचं डोकं चढलं, मळमळायला लागलं. काकांचंही डोकं जड होतं, पण ते त्यांनी श्रीखंडावर ढकललं. काकूंना शिरशिरी येतेय म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या, दिवसभर पुरावा म्हणून हवेची झडप लावून विस्तव आणखी दाबला आणि कामावर गेले. दुपारी त्यांनी फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, डोकं फुटतंय हो. आपल्याकडे यावर निदान एकच. "उपवासाचं पित्त आहे. आमसुलाचं सार घे नि पडून राहा," काका म्हणाले. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा काकू पलंगावर होत्या. गालांवर छान लाली होती, आणि अंग गार पडलेलं.

फायर डिपार्टमेंटच्या माणसाने कारण सांगितलं. बाहेर उकाडा असला की घराचं बुटकं धुराडं धूर नीट वर ओढत नाही, आणि दाबलेल्या कोळशाचा विषारी वायू घरात पसरतो. त्याला ना रंग, ना वास. गालांवरची लालीही त्याचीच. कारखान्याचं धुराडं आभाळात गेलेलं असायचं. तिथे थंडी-उकाडा कुणी पाहत नसे. पुढे कितीतरी दिवस काका मला एकच सांगायचे, "मी म्हटलं, सार घे. तिनं घेतलं गं. वाटी धुऊन पालथी घातली होती."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो मुहूर्त काय चाटायचा होता, असं वाटायचं. पण राग धरावा असा माणूसच उरला नव्हता. बॉयलर त्यांनी पुन्हा पेटवला नाही. दारावरचा हार तिथेच वाळून काळा झाला. वर तेलाची हीटिंग चालू असायची, पण बेडरूमची खिडकी भर हिवाळ्यातही सताड उघडी, आणि त्या खोलीत काका कोट-टोपी घालून झोपायचे. कुणी डोकं दुखतंय म्हणालं की ते उठून उरलेल्या खिडक्याही उघडायचे. आमच्या घरी पित्त हा शब्द मी अजून कुणाला उच्चारू देत नाही.

काही वर्षांनी काकांचा मुलगा त्यांना आपल्याकडे क्युपर्टिनोला न्यायला आला. "बाबा, you'll love it. तिकडे हीटसुद्धा फारशी लागत नाही," असं म्हणत त्याने बॅगा गाडीत टाकल्या. जानेवारीचे दिवस होते. घर बंद करण्याआधी मी खोल्यांवरून नजर फिरवायला गेले. बेडरूमच्या खिडकीतून बर्फ आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी साचला होता. मी खिडकी ओढायला हात वर केला. काका दारात उभे होते.

"राहू दे गं ती," ते हळूच म्हणाले. "तिला बरं वाटत नाहीये."

मी हात खाली घेतला.