पांढऱ्या नमद्यावरची काजळी

नुरिला माझी वहिनी. किर्गिझस्तानातल्या नारीनकडच्या आमच्या गावात तिच्यासारखा पांढरा नमदा, लोकर थापून केलेला गालिचा, दुसरीला जमत नसे. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीनं, सायकालताईनं, आपली एक दिली. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून वहिनीला रोज गोळ्या. हिवाळ्यात ती पुन्हा कामाला बसली.

एका सकाळी ती नमदा झटकत राहिली.

"ऐमान, चूल धुमसतेय का गं? केवढी काजळी पडतेय."

चूल विझलेली होती. नमदा दुधासारखा स्वच्छ.

मग तिला अंगणातल्या बर्फावरही काजळी दिसू लागली. आई म्हणाली, "पितर काहीतरी मागतायत." शुक्रवारी तिनं चरबीत बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळायला घेतले, त्या वासानं मेलेली माणसं तृप्त होतात. सायकालताईही आली होती. वहिनी उजवा डोळा झाकून तिच्याकडे बघत बसली.

"ताई, तुझा उजवा गाल कुठंय?"

"किडनी झाली, आता गालही हवाय का तुला?" ताई हसली.

वहिनी हसली नाही. तिनं हात पुढे करून गाल चाचपला.

"आहे. पण दिसत नाही. तिथं काळं काहीतरी बसलंय. मी जिथं बघेन तिथं येतं ते."

आईच्या हातून बोरसोक करपले. मी म्हटलं, पितरांचं नंतर बघू, आधी बिश्केकचं मोठं इस्पितळ गाठू.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत पाहिलं.

"हा विषाणू आहे. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर झोपून राहतो. बहुधा किडनीबरोबर आला. गोळ्यांनी अंगाची राखण ढिली पडली, आणि हा जागा झाला. आता डोळ्याचा पडदा खातोय."

"म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यात राहत होता?" ताईनं विचारलं.

"हो."

"आणि मला पत्ताच नाही?"

"कुणालाच नसतो. माझ्यातही असेल."

ताईनं नकळत स्वतःच्या कुशीवर हात ठेवला, आत कुणी हलतंय का हे चाचपल्यासारखा.

कित्येक आठवडे सलाइनमधून औषध चाललं. आधीच्या गोळ्या कमी केल्या, त्यामुळे किडनी टिकते की नाही ही रोजची धास्ती. ताई खोलीत यायची ती दाराशीच बसायची.

"लांब का? यायचा तो आलाय. इथं बस," वहिनी म्हणाली.

किडनी टिकली. उजवा डोळा वाचला. डाव्यातलं खाल्लेलं मात्र परत आलं नाही. तो काळा डाग तिथंच आहे, वाढत नाही एवढंच. वहिनी आता तळहात फिरवून नमद्यातला काडीकचरा शोधते.

सायकालताई अलीकडे आरशासमोर फार वेळ उभी असते. काय बघतेस म्हणून मी एकदा विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "झोपलाय ना, ते बघते."