भरल्या ताटावरून

उमरखेडात विहिरीवरची जळालेली मोटार कुठंही भरून मिळते, पण धम्मरत्ननं भरलेली मोटार पुन्हा जळून लवकर परत येत नाही, असं शेतकरी म्हणतात. तांब्याची तार गुंडाळायला बसला की हा माणूस मांडी मोडत नाही. आणि हाच माणूस भरल्या ताटावरून उठायचा.

ताटावरून उठणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तरी तो सख्ख्या बहिणीच्या घरी उठला. धंद्यात भागी द्यायला निघालेल्या शेठनं घरी जेवायला नेलं, सगळं ठरत आलं, तर भाजीत तेल लय आहे म्हणून हा उठला. भागी गेली. कारण नेहमी मोहरीएवढं असायचं, आणि काही जुळत आलं की नेमकं सापडायचं.

घरी बायकोपुढंही तेच. एक दिवस त्याचं अर्धं ताट उचलता उचलता रुपाली म्हणाली, "मले आता खरकटं काढाचा कंटाळा आला जी." आणि मुकुटबनला माहेरी निघून गेली. तिला आणायला तो दोनदा गेला. एकदा पाणी उशिरा आलं म्हणून, दुसऱ्यांदा साळा गालात हसला म्हणून, अर्ध्या जेवणातून उठून एकटाच परतला.

तिसऱ्या वेळी सासरे, नागोराव, फोनवरच म्हणाले, "या. पण या बारीनं उठले तं पुन्हा येऊ नोका. पोरीले किती डाव मान खाली घालाले लावता?"

तो पोचला तेव्हा दुपार झाली होती. सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, पातोडीची रस्साभाजी केली होती. रुपाली वाढत होती. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली त्याला दिसली. म्हणजे ती येणार होती. ते पाहून त्याचं पोट आवळलं.

नागोराव घास चावत म्हणाले, "जवाईबापू, मांडी नोका घालू. उठाले सोपं जाते."

"खाऊ द्या ना त्याईले," रुखमाबाईंनी दटावलं.

झालं. कारण सापडलं. कान तापले, एक गुडघा वर आला. रुपालीचा वाढता हात थांबला.

"उठा," ती म्हणाली. "वाट कायची पाहून राह्यले?"

गुडघा तसाच राहिला. राग येतो म्हणून आपण उठतो, असं त्याला आजवर वाटायचं. पण बॅग दिसली तेव्हा कोणी काही बोललंही नव्हतं, आणि पोट तेव्हाच आवळलं होतं. राग तर मागून आला. ते आवळणं जुनं होतं. आई गेल्यावर तो ढाणकीला मामाकडं वाढला. एकदा मामी म्हणाली, "पोट्ट्याचं पोट हाय का कणगी?" मामानं हसत हसत त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं. तेव्हापासून कोणी उठवायच्या आत तो स्वतःच उठायला लागला. त्या वयात ते शहाणपण होतं.

"राग नाही आला मले," तो ताटाकडं पाहत म्हणाला. "भेव लागून राह्यलं."

"कायचं?"

"तुयी बॅग पाह्यली. तू येशीन. मंग एखाद्या दिवशी पुरे म्हणशीन. त्याच्या आंधी मीच…"

"पुरे म्हणाची पाळी कोण आणली?" रुपालीचा आवाज चिरका झाला. "मी तं तुमच्या मागं मागं ताटं उचलत राह्यली."

नागोरावांनी मोडलेली भाकर तशीच हातात धरली होती.

गुडघा हळूहळू खाली टेकला. एकेक घास करत ताट संपलं. मग, ज्यानं जन्मात कोणाकडं दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं, त्यानं विचारलं, "अजून एक भाकर भेटन का?"

रुखमाबाईंनी टोपलं पाहिलं. "सरल्या, बापू. टाका लागन."

रुपाली उठली. दाराशी जाऊन तिनं बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"आज मी येत नाही," चुलीपुढं बसत ती म्हणाली. "पहिले पोटभर जेवाले शिका. मंग पाहू."

ती पीठ मळायला लागली. बाहेर रस्त्यावर परतीची बस हॉर्न देत गेली. रिकाम्या ताटापुढं धम्मरत्नचा उष्टा हात वाळत चालला, पायाला मुंग्या आल्या, पोट पुन्हा आवळलं. तो बसून राहिला.