आप्पांची मुकी बोली

दुपारी लाइट गेली की आमच्या लालबागच्या चाळीत बाकीचे लोक उकाड्यानं उठायचे. साचेवाले आप्पा उठायचे ते शांततेनं. पंख्याची खरखर थांबायचा अवकाश, गॅलरीतल्या बाकड्यावर माणूस ताडकन उठून बसलाच. "काय झाला? काय बंद पडला?" एरवी गणपतीत उशाशी ताशा वाजला तरी हे कूस बदलायचे नाहीत.

आप्पा आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी मुंबईला आले आणि गिरणी बंद पडेपर्यंत साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जायचं तिथं, माग चालवत राहिले. एवढे माग एकदम धडधडत असताना कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जाणार? म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलायची. आवाज न काढता शब्द ओठांवर नीट उमटवायचा, समोरच्यानं तो वाचायचा. ओठ अपुरे पडले तर हात होतेच. मूठ तोंडाशी नेली की चहा. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आला, कामाला लागा. "लांबच्या रांगेतल्या माणसाक पण गावची खबर सांगू," आप्पा सांगायचे. "पन चुगली करूची सोय नाय. ती सगळ्यांका दिसता."

ही बोली पुढं माझ्या पोटापाण्याच्या कामी येईल असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण लॉकडाऊन लागला तेव्हा एका विमा कंपनीत मी नुकतीच लागले होते, अजून कायम व्हायची होते. पप्पांचं काम बंद पडलेलं, घर माझ्या पगारावर. आणि ऑफिसनं सांगितलं, घरून काम करा. घरून! आमची एक खोली, तीत चार माणसं, आणि दाराबाहेर गॅलरीत अख्खी चाळ. नवरा गेलेली कुणी बाई फोनवर मला विम्याचं विचारतेय, आणि माझ्या मागून खणखणीत आवाज, "बोंबील साफ करून दे रे!" काय वाटत असेल त्या बाईला? ऑफिसातल्या मॅडमनी शेवटी बजावलं. महिनाअखेरपर्यंत हा गोंधळ थांबला नाही, तर मला कायम करता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यात बसून रडत होते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "रडतंस कित्याक? माणसां आसत ना हंय? सांगतंय मी सगळ्यांका."

त्यांनी दारोदार सांगितलं, आणि आमची चाळ कुठली गोष्ट बेतानं करेल तर शप्पथ. टीव्ही बंद, मिक्सर बंद, कुकरच्या शिट्टीलासुद्धा बंदी. पोरांना दामटून बसवलं. कॉल छान झाले, पण बाकीच्या कामाचं वाटोळं झालं. मी वाढले गॅलरीतल्या कलकलाटात, बारावीचा अभ्यास केला तो शेजारच्या भांडणांच्या साथीनं. त्या स्मशानशांततेत माझं डोकंच चालेना. आता कोण शिंकेल म्हणून कान टवकारून बसायचे. एकीचा क्लेम दुसरीच्या खात्यात टाकून मोकळी झाले.

माझी दशा आप्पांनीच ओळखली, कारण त्यांचाही दुपारचा डोळा लागत नव्हता. म्हणाले, "चेडवा, साचो थांबलो की माणूस काम करणा नाय, कान देवन बसता." मग त्यांनी साचेखात्याचा कायदा लावला. कॉल असेल तेवढ्यापुरतं ओठांनी बोलायचं. कॉल संपला की होऊ दे मिक्सर, होऊ दे भांडण.

कॉल आला की मी दारातून नसलेल्या मिशीला पीळ द्यायचे आणि गॅलरी चिडीचूप व्हायची. आता जॉबर म्हणजे माझ्या मॅडम, आणि त्यांचा आवाज काय गोड! आपल्याला लालबागमध्ये मिशा आहेत, हे त्यांना कधी कळलं नाही. आप्पा बाकड्यावर बसून सगळ्यांना शिकवायचे. "ओठ चावू नको. शब्द फोड, मोठो फोड." समोरच्या दोन काकू नळावरून आवाज न करता कचाकचा भांडायच्या आणि आम्ही दोन्ही बाजू वाचायचो. हसू दाबत दाबत मी लोकांच्या विम्याची चौकशी करायचे. तेवढं मन लावून मी पुन्हा कुठं काम केलं नाही, खरंच.

महिनाअखेरीस मॅडमनी विचारलं, "घर बदललंत का?" मी कायम झाले. गॅलरीत येऊन आप्पांना ओठांनीच सांगितलं. त्यांनी मूठ तोंडाशी नेली. त्या दिवशी अख्ख्या मजल्याला आईनं चहा पाजला.

पुढं चाळ पाडायला घेतली. जो तो मिळेल तिथं पांगला, आप्पा गावी मुलाकडे गेले. तिथं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मला कळलं, पण फोन करायचं धाडस होईना. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी फोनवर बोलायचं काय?

शेवटी त्यांच्या मुलाचा, बबनदादाचाच व्हिडिओ कॉल आला. मी परळच्या ऑफिसात होते. तिथं आता सगळे कानाला हेडफोन लावून गप्प बसतात; मी माझ्या हेडफोनवर मुद्दाम खडखडणाऱ्या पंख्याचा आवाज लावते. दादा म्हणाला, "तुका बघूचा होता त्यांका. पन काय बोलतत ता आमका कळणा नाय गो."

पडद्यावर आप्पा आले. अर्धे झाले होते. ओठ मात्र तसेच, शब्द मोठे फोडणारे. मला सगळं कळत होतं.

"थंय आवाज नाय?" त्यांनी विचारलं.

शेजारच्यांना त्रास नको म्हणून मीही ओठांनीच म्हटलं, "नाय आप्पा. सगळा बंद."

दुपारी पंखा थांबल्यावर व्हायचा, तसाच चेहरा झाला त्यांचा. "मगे काम कसा करतंस गो?"

मी हेडफोनकडे बोट केलं, 'पंखो' म्हणायला गेले. ओठ थरथरायला लागले, आणि आप्पांना तेही वाचता येत होतं.  मग हात वर करून त्यांनी पांढऱ्या मिशीला पीळ दिला.

मी डोळे पुसले आणि पुढचा कॉल घेतला.