मठाचं गिऱ्हाईक

गोऱ्या माणसाला इंग्रजी येतंच, अशी माझ्या वडिलांची पक्की समजूत होती. त्यामुळे चौतीस-पस्तीसच्या सुमारास शहराबाहेरच्या नव्या ख्रिस्ती मठातल्या दोन स्पॅनिश बाया आमच्या कापडदुकानात पहिल्यांदा आल्या, तेव्हा आबांनी ठेवणीतलं सगळं इंग्रजी एका दमात त्यांच्यावर ओतलं. ते एकूण सहा शब्दांचं होतं आणि त्यांतले दोन 'मॅडम' होते. बायांना इंग्रजी आबांपेक्षाही कमी येत होतं. त्या नम्रपणे हसल्या. मग आबांनी तेच सहा शब्द जास्त मोठ्यानं म्हटले.

बाया काही न घेता गेल्या, म्हणून आबांनी पुढच्या वेळेची तयारी केली. शेजारच्या वकिलांकडून दोन खुर्च्या आणल्या, गुलाबदाणी घासून घेतली आणि बादशहाची तसबीर भिंतीवर चढवली. स्पेनच्या बायांना इंग्लंडच्या बादशहाचं काय कौतुक असणार, हा विचार आबांना शिवला नाही. आमचं दुकान नाशकातल्या बहुतेक दुकानांसारखं गादीचं. मालक खाली बसून ठाण उलगडणार. खुर्चीवर बसल्यावर त्या बायांचे गुडघे आबांच्या नाकासमोर आले आणि कापड राहिलं त्यांच्या पायांशी. त्या पुन्हा हसल्या आणि पुन्हा तशाच गेल्या.

मला थोडी स्पॅनिश येत होती. दर शनिवारी दुपारी मी मठात भरतकाम शिकायला जात असे. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई त्या दोघींतल्याच एक; त्यांना आम्ही मुली 'मादरे', म्हणजे आई, म्हणायचो. सुई, दोरा, सरळ, वाकडं अशी ती भाषा माझ्या हातांतून डोक्यात गेली. सगळ्यांत आधी पाठ झाला तो 'उसव' हा शब्द. मराठी सातवी नुकतीच झाली होती आणि पुढं मुलींच्या हायस्कुलात घालायला आबा तयार नव्हते.

"आबा, मठातल्या बायांशी मी बोलते," मी एका रात्री जेवताना म्हटलं.

"तू? गिऱ्हाईकाशी?"

"कुणीतरी बोलायला हवं ना."

"ही दुकान चालवील," थोरला भाऊ म्हणाला, "आणि मी भाकऱ्या थापतो. आई, परात कुठंय?"

आबा हसले नाहीत. घास गिळून म्हणाले, "मठाचं गिऱ्हाईक टिकवलंस, तर मॅट्रिकपर्यंत शीक. माझा शब्द."

आबांचा शब्द म्हणजे काय, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

मी आधी खुर्च्या परत पाठवल्या. एका खोक्यावर चादर घालून कापड त्यांच्या हाताच्या उंचीला आणलं. ठाण दाराशी उजेडात नेऊ दिलं, कारण मादरे प्रत्येक कापड उजेडाला धरून बघायच्या. त्यांचा हिशेब मीटरमध्ये, आमचा वारात; म्हणून फळीवर एक मीटरची खूण कोरून घेतली. बाया आल्या-गेल्या की बोलायचे दहा स्पॅनिश शब्द आबांना देवनागरीत लिहून दिले. आबांनी तो कागद गल्ल्यात ठेवला आणि गुलाबपाणी शिंपडत राहिले.

याखेरीज मी आणखी एक गोष्ट केली. 'गिऱ्हाईकाला डोळे असतात, त्यानं बघून घ्यावं,' हे आबांचं तत्त्व होतं. मी मात्र स्पॅनिशमध्ये सांगायची, की या निळ्याचा रंग पहिल्या धुण्यात जाईल. हे जाड दिसतंय ती खळ आहे, धुतल्यावर जाळं उरेल. हे मालेगावचं घ्या, हे टिकेल. आबा शेजारी बसून कौतुकानं ऐकायचे. पोरगी मालाची केवढी तारीफ करते, असं त्यांना वाटायचं.

दोनाच्या पाच बाया झाल्या. मग दवाखान्याच्या चादरी आणि मुलींचे झगे, सगळं आमच्याकडून जाऊ लागलं. आबा गल्लीत सांगत फिरले, की साहेबी गिऱ्हाईकाला गुलाबपाणी लागतंच. मी हायस्कुलात दोन वर्षं काढली. तिथं मला भूमिती आवडू लागली होती.

दरम्यान मादरे मराठी शिकल्या. मठातली स्वयंपाकीण सिन्नरकडची होती आणि त्यांनी भाषा तिच्याकडूनच उचलली होती. एका सकाळी भरल्या दुकानात त्या आबांसमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात जोडले आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "तुमची पोर लय खरी हाय. खराब कापड आसलं की सांगती, हे घेऊ नका म्हनती. म्हनून आमी दुसरीकडं जात नाय."

आबांनी मान लववली आणि म्हणाले, "आमच्याकडं खोटं चालत नाही, मॅडम."

मला मार बसेल असं वाटलं होतं. बसला नाही. आठच दिवसांत दुकानावर नवी पाटी चढली: 'येथे मालाचा दोष आधी सांगितला जातो.' रंगाऱ्यानं ती हिरव्या वेलबुट्टीत काढली होती. स्पॅनिश शब्द टिपून ठेवलेली माझी वही भावानं मागून घेतली. मादरे मराठी बोलू लागल्यावर तिची फारशी गरजही नव्हती.

जून उजाडला. मी फीबद्दल विचारलं.

"कसली फी?"

"आबा, तुम्ही म्हणाला होता, गिऱ्हाईक टिकलं तर—"

"टिकलंच आहे. पण आता ते दुकानाचं गिऱ्हाईक आहे, तुझं नाही. बापाच्या गादीवर बसून बापाचा माल वाईट म्हणायचा, हे शिकलीस तेवढं पुरे."

"मग बाहेर पाटी कशाला लावलीत?"

"पाटी दुकानाची आहे," आबा म्हणाले. "तुझ्या तोंडाची नव्हे. लासलगावचं स्थळ आलंय. घर मोठं आहे. तिथं जपून बोल."

आई दारात उभी होती. शब्द दिला तेव्हाही ती तिथंच होती. ती म्हणाली, "चहा गार होतोय."

मी मठात गेले. मादरेंना त्यांच्याच भाषेत सगळं सांगितलं. वाटलं, त्या दुकानात येतील आणि ज्या आवाजात माझी स्तुती केली त्याच आवाजात आबांना विचारतील. त्यांनी माझे हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी खोटं म्हणणार नाही. "वडिलांची आज्ञा देवाकडून येते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की भाऊ अस्तराचं पांढरं कापड बाजूला ठेवील का. सणाला लागणार होतं.

ठेवील, असं मी सांगितलं. त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता.

शाळा सोडण्याचा अर्ज भरायला आबांनी मलाच बसवलं, कारण घरात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं.

"घरगुती अडचण," आबांनी सांगितलं.

मी लिहिलं. त्यांनी खाली लपेटीची सही ठोकली आणि घाईनं दुकानात गेले. घरात तेव्हा कसलीही अडचण नव्हती. धंदा इतका चांगला कधीच चालला नव्हता.