गाठ कुणी जिरवली

तरुणपणी गुंजवण्यात माझा वैदूचा थाट होता. शिक्षण चौथी, वैद्यकी एका बिब्ब्याएवढी. थोरल्या लेकाला चौदाव्या वर्षी छातीच्या बोंडाखाली गाठ आली, तेव्हा मी बिब्ब्यात सुई खुपसून तो दिव्यावर धरला आणि पाझरलेलं तेल गाठीवर लावलं. कातडी भाजली. वर्षभरानं गाठ गेली आणि मी गावभर सांगत सुटले, "म्या जिरवली!" मग वाड्यावाड्यांतून आया पोरं घेऊन यायला लागल्या. मी पाटावर बसून नाडीसुद्धा बघायची. नाडी कुठं लागते हे ठाऊक नसताना.

गेल्या वर्षी त्याच लेकाचा सतरा वर्षांचा मुलगा गोठ्यात येऊन हळूच म्हणाला, "आजे, बिब्बा हाय का गं?"

"कशाला रं?"

त्यानं सदऱ्यावरून डाव्या छातीवर बोट ठेवलं. "दोन म्हैनं झालं. कॅन्सर आसंल का? कुणाला सांगू नगं, पोरं हसत्यात."

खोटं कशाला सांगू, माझा हात बिब्ब्याच्या डब्याकडं गेलाच होता. पण त्याच्या बापाच्या छातीवरचा भाजल्याचा डाग आठवला. म्हटलं, "उद्या भोरला जायचं."

कापूरहोळला एसटी बदलली. वाटभर पोरानं दप्तर छातीशी घट्ट धरलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बघून तो कुजबुजला, "आजे, बाई हाय!"

"मग? तुला जल्म काय बाप्यानं दिला?"

बाईंनी गाठ चाचपली, काखा बघितल्या. कसल्या गोळ्या, व्यायामशाळेतली इंजेक्शनं घेतोस का, विचारलं. मग मला बाहेर बसवून अंडकोषही तपासले. कधी कधी मूळ तिथं असतं म्हणे. सोनोग्राफी झाल्यावर म्हणाल्या, "वयाची गाठ आहे. पुरुषाच्या छातीतही बाईसारखंच थोडं गाठाळ मांस असतं. वयात येताना पुष्कळ मुलांचं ते फुगतं, दुखतं. बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत ओसरतं."

"आपोआप?"

"आपोआप."

माझी सगळी कीर्ती एका शब्दात गेली! मी वरून कातडी जाळत होते आणि आत देह आपलं काम गुपचूप उरकत होता.

"पण आजी," त्या म्हणाल्या, "गाठ टणक असली, बोंडाच्या बाजूला असली, हलत नसली, भराभर वाढली, बोंडातून रक्त-पाणी आलं, कातडी आत ओढली गेली किंवा काखेत गाठ लागली, तर वाट बघायची नाही. आणि ही सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची."

स्टँडवर पोरानं पुन्हा विचारलं, "खरंच न्हाई ना गं कॅन्सर?"

"न्हाई रं राजा."

त्यानं एवढा मोठा श्वास घेतला की सदऱ्याची गुंडी ताणली. मी त्याच्याकडं बघतच राहिले. या पोराला मी न्हाऊमाखू घातलेलं. त्याच्या आत केवढा कारखाना चालतो, याचा मला पत्ता नव्हता. एसटी लागली. तो खिडकीशी बसला आणि कापूरहोळ यायच्या आत घोरायला लागला.