‘हाय’ म्हणजे कबुली नव्हे

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो त्सुकुबातल्या माझ्या घरमालकांचा. त्यांच्याइतका निकाल द्यायला कचरणारा न्यायाधीश अख्ख्या जपानात झाला नसेल, हे मी अभिमानाने सांगतो. जन्मभर जिल्हा न्यायालयांत फौजदारी खटले चालवून ते निवृत्त झाले होते. बाजारात दोन मुळे हातात घेतले, की दोघांचीही बाजू ऐकून घेत असल्यासारखे उभे राहत. घरी “चहा की कॉफी?” विचारलं, की निकाल राखून ठेवत. “अहो, पाणी दोनदा उकळलं!” बायको म्हणे. तीच मला एकदा म्हणाली, “आरोपीने कबुली दिलीय म्हटलं, तरी यांचं समाधान नसे. ‘काय विचारल्यावर काय म्हणाला?’ हेच धरून बसायचे. म्हणून तर सगळ्या बदल्या आडगावी!” सूर तक्रारीचा, पण मान ताठ.

नव्वदीच्या दशकात मी तिथे संशोधनाला गेलो, घराण्यातला पहिला पदवीधर. मायदेशी परतताना एका मित्राने मला सायकल दिली होती. जपानात सायकलीचीही पोलिसांत नोंद असते; तिची अजून त्याच्याच नावावर निघाली आणि पोलिसांनी मला चौकीत बसवलं. गुन्हा नोंदला असता, तर शिष्यवृत्ती आणि डॉक्टरेट दोन्ही गेली असती. आमच्या गावाकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, जपानीत ‘हो’ला. समोरचा बोलतोय तर हुंकार द्यावा, म्हणून मी हवालदाराच्या प्रत्येक न कळलेल्या भरभर वाक्याला अदबीने ‘हाय’ म्हणत राहिलो. त्याने तीच चोरीची कबुली धरली.

निरोप मिळताच घरमालक आले. हवालदाराला वाकून नमस्कार केला, माझ्याकडे वळले आणि गंभीरपणे, भरभर काहीतरी विचारलं.

“हाय,” मी म्हणालो.

आणखी काहीतरी विचारलं.

“हाय.”

हवालदार फिस्सकन हसला.

“हा डबक्यातला मासा आहे आणि याला तीन शेपट्या आहेत,” घरमालक त्याला सावकाश म्हणाले. “दोन्ही याने कबूल केलंय. लिहून घ्या.”

मग मित्राला फोन झाला, खुलासा झाला, मी सुटलो. रस्त्यात आभार मानू लागलो, तर म्हणाले, “थांब. सायकल तुझी की नाही, याचा निकाल मी अजून दिलेला नाही.”

पुढे ते दूर उत्तरेला मुलीकडे राहायला गेले. तिकडे मी त्यांना पत्र पाठवलं:

“सेन्सेई, काल मला डॉक्टरेट मिळाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्याकडे म्हणतात, आणि माझ्या वडिलांनी ते जन्मभर पाळलं. काल फोनवर ते म्हणाले, ‘त्या जजसाहेबांची पायरी मात्र चढ, आणि माझ्या वतीने पाया पड.’ तुमच्याकडे ही रीत नाही, ठाऊक आहे. पण वडिलांचा शब्द मोडवत नाही. बर्फ वितळलं की येतो. दारात क्षणभर उभे राहा.”